साप दिसला, साप चावला: नागपूरकरांनी काय करायचं

आत्ता या क्षणी कोणाला साप चावला असेल तर हे वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा, माणसाला आडवं करा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि दवाखान्याकडे निघा. पुढचं गाडीत मागे बसलेल्याने वाचावं.

बाकीच्यांनी निवांत वाचा.

मी सर्पमित्र नाही. आमच्या लेआउटमधला एक मित्र साप पकडतो. मी त्याच्या गाडीवर मागे बसतो आणि तिथे पोचलो की टॉर्च धरतो, माझं काम एवढंच. बेसा, हुडकेश्वर, नरसाळा या बाजूला पूर्वी शेतं होती, आज तिथे लेआउट आहेत. मधले रिकामे प्लॉट गाजरगवताने भरलेले असतात. पाऊस लागला की रात्री नऊ-साडेनऊला फोन सुरू होतात. "दादा, कूलरच्या मांगं साप हाये, लवकर या नं!" हा कूलर म्हणजे नागपूरचं खास प्रकरण. जूनच्या शेवटी तो बंद होतो, पण खिडकीतून निघत नाही. तळाला चार बोटं पाणी, बाजूला ओली ताटी, आत दोन बेडूक. बेडूक आले की त्यांच्या मागे साप आलाच.

एवढी वर्षं टॉर्च धरून माझं एक मत पक्कं झालंय. साप कोणता होता यावर घरात अर्धा तास वाद होतो, पण माणसाला कुठे न्यायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. माणसं दगावतात ती बरेचदा त्या अर्ध्या तासात आणि त्याला जोडून येणाऱ्या पुढच्या दोन तासांत. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. बहुतेक जण खेड्यातले, आणि त्यातले पुष्कळ दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.

चावल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

आधी सापापासून लांब व्हा. त्याला मारायला मागे वळू नका. एकाला चावलेला साप मारायला गेलेल्या दुसऱ्याला चावतो, हे आम्ही पाहिलंय. दवाखान्यात मेलेला साप घेऊन जायची गरज नाही. आपल्याकडचं सापाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर मिळून एकच असतं. त्यातून डोकं ठेचलेला सापही काही वेळ चावू शकतो. लांबून मोबाइलने फोटो मिळाला तर डॉक्टरांना मदत होते, नाही मिळाला तर काही अडत नाही.

मग माणसाला जागेवरच बसवा किंवा आडवं करा. त्याला चालू देऊ नका, पळू तर अजिबात देऊ नका. स्नायू हलले की विष शरीरात लवकर पसरतं. हा नियम शेतात पाळणं सगळ्यात कठीण जातं, कारण धुऱ्यावर चावलं की माणूस आपसूक घराकडे धावतो. सोबत कोणी असेल तर त्याने गाडी धुऱ्यापर्यंत आणावी, नाहीतर बाजेवर घालून उचलावं.

त्याच्याशी बोलत राहा. "घाबरू नको" हे दहा वेळा म्हटल्याने कोणी शांत होत नाही. त्याला खरं ते सांगा: साप चावले तरी पुष्कळ वेळा विष सोडत नाहीत, विष गेलं असलं तरी त्यावर औषध आहे, आणि आपण निघालोय.

अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, घट्ट बूट, सगळं काढा. हे लगेच करायचं असतं, कारण सूज चढल्यावर अंगठी निघत नाही आणि बोट काळं पडायला लागतं. जोडवी काढायला घरच्या बायका कचरतात. तिथे थोडं दटावून सांगावं लागतं.

हात किंवा पाय मोडल्यावर जसा बांधतात तसा आधार द्या. लाकडी पट्टी, जाड पुठ्ठा, घडी केलेलं वर्तमानपत्र, काहीही चालेल. ते ओढणीने किंवा गमछ्याने सैलसर बांधा, बोट आत सहज जाईल इतकं सैल. हा आधार फक्त हालचाल थांबवण्यासाठी असतो. विष अडवायचं म्हणून दोरीने करकचून आवळणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे आणि ती करायची नाही. घट्ट बांधल्याने विष थांबत नाही. रक्तपुरवठा मात्र थांबतो आणि अवयव गमवायची पाळी येते. तुम्ही पोचायच्या आधीच कोणी आवळून बांधलं असेल तर घाईने सोडू नका. साचलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं. ती गाठ दवाखान्यात, डॉक्टरांसमोर सुटू द्या.

चावल्याची वेळ लिहून ठेवा. पेन नसेल तर मोबाइलवर टिपा. सूज कुठपर्यंत आली त्या जागी पेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ घाला. दवाखान्यात ही रेघ फार कामाला येते. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवा.

जखम चिरणं, तोंडाने विष ओढणं, बर्फ लावणं, करंट देणं यातलं काहीही करू नका. दारू पाजू नका. दुखतंय म्हणून घरातली कुठलीही गोळी देऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि कडुनिंबाचा पाला? आपल्याकडे अजून देतात. पाला गोड लागला म्हणजे विष चढलं, कडू लागला म्हणजे नाही. मिरचीचंही तसंच. या परीक्षेचा विषाशी काडीचा संबंध नाही. कोंबडी लावणं, विषखडा चिकटवणं, मंत्र उतरवणं हे सगळं त्याच यादीतलं. मांत्रिकाचे इतके रोगी बरे कसे होतात? कारण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं मांत्रिकाकडे न जाता घरी बसली असती तरी बरी झाली असती. ज्याच्या अंगात खरंच विष गेलेलं असतं त्याचा तास मात्र तिथेच जातो.

मण्यारीची गोष्ट वेगळी आहे

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्या घरात हे घडलंय.

माझे एक मामा उमरेडच्या बाजूला राहतात. ऑगस्टमधली रात्र होती, ते खाली सतरंजीवर झोपले होते. पहाटे चारला पोट दुखायला लागलं म्हणून उठले. मामीने ओवा दिला, मग सोडा दिला. रात्रीच्या भाजीवर संशय घेतला. सहाच्या सुमारास घसा दुखतोय, पाणी गिळवत नाही म्हणू लागले. सातला त्यांच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. घरचे म्हणाले, रात्रभर जागले न, झोप येऊन राहिली त्यांना. अंगावर दाताची खूण नव्हती, सूज नव्हती, दुखणारी जागा नव्हती. शेजारच्या एका म्हातारीने पापण्या पाहिल्या आणि सरळ विचारलं, "मण्यार तं नाही चावली?" सतरंजी उचलली तर भिंतीकडच्या घडीत ती होती.

मण्यार अशीच चावते. रात्री फिरते, उंदीर-पालींमागे घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या कुशीला अडकते. दात बारीक असतात, त्यामुळे चावल्याचं कळत नाही, बरेचदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटदुखी, उलटी, घशात काही अडकल्यासारखं वाटणं, मग पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, बोबडं बोलणं आणि शेवटी श्वास, असं ते चढत जातं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या उघडत नसतील, तर खूण शोधत बसू नका, सर्पदंश धरून निघा.

मामा व्हेंटिलेटरवर पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी डोळे हलत नव्हते, हात-पाय हलत नव्हते, नातेवाईक खाटेशी उभे राहून "आता काही राहिलं नाही" म्हणत होते. मामा वाचले. घरी आल्यावर कोण काय बोललं ते सगळं त्यांनी नावानिशी सांगितलं. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, ऐकू येणं जात नाही. म्हणून अशा रोग्याला हालचाल नाही एवढ्यावरून मेलेला समजू नका. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा आणि गाडी थांबवू नका. श्वास चालू राहिला तर माणूस परत येतो.

कुठे न्यायचं

शहरात असाल तर प्रश्न सोपा आहे. मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल ते. खासगीत न्यायचं असेल तर आधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: सापाचं इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे का, आणि व्हेंटिलेटर मोकळा आहे का. दोन्हीला "हो" मिळालं तरच तिकडे वळा. दवाखान्यांच्या चकरा मारण्यात मौल्यवान वेळ जातो.

काटोल, कुही, भिवापूर, पारशिवनीकडे असाल तर लोक एक चूक करतात. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय ओलांडून थेट नागपूरला निघतात. "मोठ्या दवाखान्यात नेऊ" हा विचार चांगला वाटतो, पण औषध अंगात जाण्याची वेळ तेवढी लांबते. जवळच्या केंद्रात इंजेक्शन असेल तर पहिला डोस तिथेच सुरू करून घ्या आणि मग पुढे पाठवायला सांगा. तिथे काय दिलं, किती वाजता दिलं, ही चिठ्ठी सोबत घ्या. तुमच्या केंद्रात हे इंजेक्शन असतं का आणि रात्री डॉक्टर कोण असतात, हे आषाढ लागायच्या आधी एकदा जाऊन विचारून या. चावल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

१०८ ची गाडी यायला वेळ लागणार असेल तर वाट पाहू नका. मोटरसायकल असली तरी चालेल: एकाने चालवायची, रोग्याला मधे बसवायचं, मागच्याने त्याला घट्ट धरायचं आणि चावलेला पाय लोंबू द्यायचा नाही.

दवाखान्यात काय होतं, नातेवाइकांनी काय पाहायचं

डॉक्टर बहुधा एक साधी चाचणी करतात. थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनी ते गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशासारखं रक्तावर काम करणारं विष अंगात आहे. या वीस मिनिटांत "काहीच करून नाही राहिले" म्हणून आरडाओरडा होतो. करू नका, ती नळी तेवढा वेळ ठेवावीच लागते.

विषाची लक्षणं दिसली की इंजेक्शन सलाइनमधून देतात. ते घोड्यांच्या रक्तापासून बनतं. सुरुवातीला साधारण दहा बाटल्या जातात. लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस असतो, कारण सापाने विष सोडताना वय पाहिलेलं नसतं. गरोदर बाईलाही हे औषध देतात. देताना अंगावर पित्त उठणं, थंडी वाजून येणं, दम लागणं असं झालं तर लगेच नर्सला सांगा. त्यावर उपाय असतो आणि औषध पुन्हा सुरू करता येतं.

लक्षणं नसतील तर औषध देत नाहीत, चोवीस तास नजरेखाली ठेवतात. हेच बरोबर आहे. "साप चावला तरी इंजेक्शन नाही दिलं" म्हणून भांडू नका, आणि बरं वाटतंय म्हणून रात्रीच घरी घेऊनही जाऊ नका.

घोणस चावली असेल तर लघवीवर लक्ष ठेवा. किती झाली, रंग कसा होता हे कागदावर लिहा. कमी झाली किंवा लाल-तपकिरी झाली तर लगेच सांगा, कारण हे विष मूत्रपिंडावर जातं आणि काहींना डायलिसिस लागतं. हिरड्यांतून किंवा सुईच्या जागेतून रक्त येत राहिलं तर तेही सांगा.

घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगाला खाज असं काही झालं तर तो औषधाचा उशिरा येणारा त्रास असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. आणि सगळे कागद जपून ठेवा. शेतकरी कुटुंबात सर्पदंशाने कोणी गेलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख रुपये मिळतात, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे वेळेत अर्ज करावा लागतो. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही, म्हणून एखाद्या शहाण्या शेजाऱ्याने सुचवावं.

घरात साप निघाला तर

पोरांना आणि कुत्र्याला आधी दुसऱ्या खोलीत घाला. मग सहा-सात फूट लांब उभं राहून एकाने सापावर नजर ठेवायची, डोळा हलवायचा नाही. आमच्या निम्म्या फेऱ्या यामुळेच वाया जातात. सगळे घाबरून बाहेर पळतात, आम्ही पोचतो तर साप दिसत नाही, आणि मग सोफा, गाद्या, दिवाण सगळं उलथावं लागतं. तो खोलीत असेल तर दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबा. दाराकडे चाललाच असेल तर मधे उभे राहू नका, जाऊ द्या. बहुतेक वेळा तो स्वतःच निघून जातो.

रॉकेल, फिनाइल, गरम पाणी यातलं काही टाकू नका. चवताळलेला साप कुठेही घुसतो. काठीने टोचू नका. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन लावा आणि नीट पत्ता सांगा. "मनीष नगर, मंदिराजवळ" असं सांगितलं की आम्ही वीस मिनिटं त्या नगरातली सगळी मंदिरं फिरतो.

सर्पमित्र निवडताना एक पाहा. जो हुक आणि पिशवी घेऊन येतो, शांतपणे पकडतो, वन विभागात नोंद करतो आणि जवळच्याच योग्य जागी सोडतो, तो कामाचा. जो साप गळ्यात घालून सेल्फी काढतो, पोरांना हात लावायला देतो, त्याला पुन्हा बोलावू नका. पेट्रोलचे पैसे मात्र विचारून द्या, रात्री दोनला येणारा माणूस आहे तो. साप मारणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. जखमी साप असेल तर सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे उपचार होतात.

ओळखीचं थोडं. नागपुरात फोन येतो त्यातले बरेच साप धामण, कवड्या, दिवड असतात आणि ते बिनविषारी आहेत. गोंधळ होतो तो कवड्या आणि मण्यार यांत. मण्यार काळी-निळसर चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीने. ते डोक्यापासून थोडं मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे फिकट होत जातात. दुसरा गोंधळ घोणसीचा, तिला आपल्याकडे परडही म्हणतात. जाड अंग, पाठीवर साखळीसारख्या मोठ्या ठिपक्यांच्या तीन ओळी आणि कुकरच्या शिटीसारखा लांब फुत्कार. लोक तिला अजगराचं पिल्लू समजून उचलतात, आणि ते फार महागात पडतं. नागाचं वीतभर पिल्लूही पूर्ण विषारी असतं. पण हे सगळं माहिती म्हणून. अंधारात, घाबरलेल्या डोळ्यांनी केलेल्या ओळखीवर कोणाचा जीव टांगू नका.

गादी, मच्छरदाणी, गमबूट

पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचा. नुसती लोंबती सोडली तर उपयोग नाही. मण्यारीपासून इतकं स्वस्त आणि इतकं नक्की संरक्षण दुसरं नाही. मामांच्या घरात आता पाच मच्छरदाण्या आहेत.

रात्री शेतीपंपाला लाइन येते तेव्हा माणूस एकटा, अंधारात, चपलेवर ओलिताला जातो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, हातात टॉर्च आणि काठी घ्या, काठीने पुढे जमीन आपटत चला. सोयाबीनची गंजी उपसताना, पऱ्हाट्यांचा ढीग उचलताना, कुटारात हात घालताना आधी काठीने हलवा, मग हात. रात्री अंगणात किंवा संडासला जायचं तर टॉर्च हवाच. सकाळी बूट घालायच्या आधी उलटे करून झटका.

घराभोवती लसूण, कार्बोलिक, गंधक पसरून साप येत नाहीत, असं सांगणाऱ्यावर पैसे घालवू नका. उंदीर कमी करा, धान्य झाकून ठेवा, विटा-लाकडांचा ढीग भिंतीपासून लांब हलवा, न्हाणीच्या मोरीला जाळी बसवा, दाराखालची फट बंद करा. आणि तो कूलर. पाणी काढून, ताटी वाळवून छतावर नेऊन ठेवा. दरवर्षी "या रविवारी काढतो" म्हणता म्हणता पोळा येतो.